साक्षगंधात तीनदा उठलेली मुलगी

माजरी कॉलनी, ता. भद्रावती
१२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय वामनराव रामटेके यांना,
केसरबाई खोब्रागडे हिचा सविनय जय भीम.

४ तारखेला आपल्या घरी झालेल्या साक्षगंधाबद्दल लिहीत आहे. माझा मुलगा विक्की आणि आपली मुलगी खुशबू यांचे लग्न एप्रिलमध्ये करायचे ठरले होते. ते आम्ही पुढे नेऊ शकत नाही. आमच्या वडशाच्या जाऊबाईंनी सांगितले की, कार्यक्रम चालू असताना मुलगी तीनदा उठून घरामागे गेली, पंगतीला बसली नाही, आणि अंगानेही फार उतरलेली दिसली. मुलीला पोटाचा मोठा आजार असल्याचे समजते. ही गोष्ट आपण आधी सांगायला हवी होती.

साडी आणि अंगठी आपल्याकडेच राहू द्यावी. फोनवर हे बोलवले नसते म्हणून पत्र लिहिले. राग मानू नये.

आपली नम्र,
केसरबाई


चिचटोला, ता. कुरखेडा
२० फेब्रुवारी २०२४

केसरबाई,
जय भीम.

तुमचं पत्र मीच पोहोचवलं. मी इथली डाकसेवक आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. शनिवारी थैली उघडली तर तुमचं पाकीट अगदी वर होतं. त्यावर शिक्का मारला आणि सायकल घराकडे वळवली. बाबा छपरीत बसून सुतळी वळत होते. चष्मा सापडेना, म्हणून मलाच म्हणाले, "वाच." मी वाचलं. मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर ते उठून आत गेले. सुतळी तेवढी छपरीत पडून राहिली.

उत्तर त्यांनी द्यायला हवं, पण ते देणार नाहीत. म्हणून मी देते.

हो, मी तीनदा उठले. खोटं काहीच नाही. पाहुण्यांसमोर असं व्हायला नको म्हणून दोन दिवस मी जवळजवळ उपाशी होते. मग तुमच्या जाऊबाईंनी तोंडात दोन पेढे कोंबले, वर दुधाचा चहा दिला, आणि "आमच्या घरच्या सुनेनं खाल्लंच पाह्यजे" म्हणून चना-पोह्याची प्लेट हातात दिली. रिकाम्या पोटात ते सगळं गेलं, आणि समोर चाळीस माणसं बसलेली. पोटात पीळ पडला. मी उठले. बसून राहिले असते तर काय झालं असतं ते तुमच्या जाऊबाईंनी वडशात आणखी चवीनं सांगितलं असतं.

लग्न मोडलं, मोडू द्या. तो तुमचा अधिकार आहे. पण "मोठा आजार" हे दोन शब्द तुम्ही कशावरून लिहिले? वडशाच्या बाजारात आता मला आतड्याचा टीबी झालाय. कुणी म्हणतं कॅन्सर. परवा एका बाईनं मनीऑर्डर घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही.

तुम्ही स्वतः तर आल्याही नव्हतात. पोटच्या पोराच्या साक्षगंधाला यायला तुम्हाला सवड झाली नाही, आणि ऐकीव गोष्टीवर दुसऱ्याची मुलगी नासकी ठरवायला झाली.

साडी आणि अंगठी आजच रजिस्टर्ड पार्सलनं पाठवली आहे. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. ते दोन शब्द मागे घ्या. जिथं पसरले तिथं.

खुशबू वामनराव रामटेके


माजरी
९ मार्च २०२४

खुशबू,
जय भीम.

पयलं पत्र म्या आमच्या विहारातल्या गुरुजीकडून लिहून घेतलं होतं. मी सातवी शिकली, मले तसं छापील लिवता येत नाई. हे माह्या हातचं हाय, जसं बोलते तसं.

बापाच्या ठिकाणी पोरीनं असं तडातड लिहाव नाई. आमच्या वेळेस पोरीची जीभ अशी चालत नव्हती. पार्सल पोचलं. पाठवाची गरज नव्हती.

विक्कीले तुह्यं पत्र दाखवलं नाई. उत्तर देशील तं पत्रानंच दे. फोन करू नको. दोन खोल्यांचं क्वार्टर, इकडचं बोललं तिकडे ऐकू येते.

एक इचारते. तुले हे सकाळीच जास्त होते का? बाहीर निघाचं म्हटलं का होते, आन घरीच राह्याचं ठरलं का थांबते, असं हाय का? जाऊन आल्यावर पोटातली कळ कमी होते, मंग अर्ध्या घंट्यानं पुन्हा? आन पोट असं फुगते का, का लुगड्याची गाठ ढिली करा लागते?

तसं असन तं आयक. कुठी जाचं असन त्या दिवशी सकाळपासून काईच खाऊ नको, पाणी बी नको. पंगतीत सगळ्यात शेवटी बसाचं, दाराजवळ. कोणाच्या घरी गेलं का मागचं दार कुठी हाय ते पयले पाहून ठेवाचं. पिशवीत एक जुनं लुगडं ठेवाचं. आन कोणालेच सांगाचं नाई. पित्त हाय म्हणाचं. पित्ताले लोक हासत नाई.

लग्न करू नको, पोरी. परक्या घरात हे निभत नाई.

केसरबाई


चिचटोला
१८ मार्च २०२४

केसरबाई,
जय भीम.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा रागानं वाचलं. चौथ्यांदा वाचताना राग नव्हता.

मागचं दार आधी पाहून ठेवायचं, हे ज्याला त्रास नाही त्याला सुचत नाही. जुनं लुगडं ज्याला लागलं नाही, तो ते पिशवीत ठेवत नाही. केसरबाई, हे तुम्हाला कसं माहीत?

सांगायचं नसेल तर नका सांगू. मी माझं सांगते, कारण मी आता लपवणं सोडून दिलं आहे.

माझं बारावीच्या परीक्षेपासून सुरू झालं. बी. ए. होईपर्यंत वाढलं. वडशात एक इंजेक्शनवाला डॉक्टर आहे, त्यानं "आतड्याला सूज" म्हणून दोन वर्षं सुया टोचल्या. दर वेळी सलाईन, दर वेळी एक नवीन पथ्य. तूर बंद, वांगं बंद, दही बंद, लिंबू बंद. शेवटी मी भात आणि मीठ खात होते. वजन सहा किलो उतरलं. आईच्या माहेरच्यांनी जाणत्याला दाखवलं, त्यानं लिंबू कापून सांगितलं की करणी आहे. बाबा पेटले. "बाबासाहेबाच्या घरात हे थेर चालणार नाई," म्हणाले आणि लिंबू उकिरड्यावर फेकून आले.

नोकरी लागली आणि खरी अडचण आली. माझ्याकडे चार गावं आहेत, सायकलचा रस्ता, मधे जंगल. तिथं वाघ फिरतो. झुडपामागे बसायची सोय नाही. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी थैली खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले, आणि पाय उचलेना. तशीच आत येऊन रडले. आणि दुसऱ्या दिवशी एकटीच गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथं डॉक्टर पुनम मडावी आहेत. तिशीच्या असतील. त्यांनी सगळं विचारलं. कधीपासून, किती वेळा, रक्त पडतं का, रात्री झोपेतून उठवतं का, ताप येतो का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का. वजन कसं उतरलं तेही विचारलं. मी जेवणच सोडलंय हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. रक्त, शौच, सोनोग्राफी, गव्हाची काही वेगळी रक्ताची तपासणी, सगळं केलं. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बाबाही सोबत आले. सगळे चांगले.

बाबा बाहेर बसले होते, त्यांनी हात जोडले. मला मात्र रडू फुटलं. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे मले काहीच नाई? मी नाटक करून राह्यली का?"

त्या म्हणाल्या, "कोण म्हणते काहीच नाई? रिपोर्ट चांगला हाय म्हणजे आतड्यात जखम नाई, गाठ नाई. त्रास खोटा हाय असं त्यात कुठी लिहिलं हाय?" मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. आतड्यात लाखो नसा असतात, त्यांचं आणि मेंदूचं सतत बोलणं चालू असतं. आपल्यासारख्यांच्या नसा जास्त हुळहुळ्या असतात. दुसऱ्याला जो गॅस कळतही नाही, तो आपल्याला कळ होऊन दुखतो. भीती वाटली की आतडं पळायला लागतं. आतडं पळालं की आणखी भीती वाटते. याला आयबीएस म्हणतात. यानं माणूस मरत नाही, याचा कॅन्सर होत नाही, हे कोणाला लागत नाही. आणि हे एका गोळीनं कायमचं जातही नाही. सांभाळावं लागतं.

"लाज वाटते, मॅडम," मी म्हटलं.

"मोतीबिंदूची वाटली असती का? आतडं बी अंगातलंच हाय."

एवढंच. पण मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून घरी आले, दाराशी नाही.

आता मी वहीत लिहिते. काय खाल्लं, कधी, पोटानं काय केलं, मन कसं होतं. दीड महिन्यात कळलं की बिचारं वांगं निर्दोष होतं, दहीही मला चालतं. माझे वैरी दुधाचा चहा, चन्याची डाळ, कच्चा कांदा आणि उपास. हो, उपास. रिकाम्या पोटानं सगळ्यात जास्त बिघडतं. म्हणून तुमचा सल्ला मी मानणार नाही, आणि तुम्हीही मानू नका. थोडं थोडं, वेळेवर. भात, मुगाचं वरण, दोडकं, अंडं. डॉक्टरांनी इसबगोल दिलंय, आणि बाहेर मोठं काम असेल तेव्हा घ्यायची एक गोळी. साक्षगंधाच्या दिवशी मी हे सगळं विसरले. भीतीनं पुन्हा उपाशी राहिले. ती चूक माझी.

आणि रस्त्याचं सांगायचं राहिलं. मी चारही गावांत एकेका घरी जाऊन सांगितलं, "मला पोटाचा आजार आहे, अचानक जावं लागतं, तुमचा संडास वापरू द्याल का?" पहिल्यांदा सांगताना कानशिलं तापली. कमलाबाई म्हणून एक आहेत, त्यांनी कडी कशी काढायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "घरी नसली तरी येत जा." पारावर बसलेला एक जण ओरडला, "डाकवाली बाई, टपाल वाटते का गावचे संडास मोजते?" मी सायकल थांबवून म्हटलं, "तुमच्या घरी अजून बांधलाच नाही, म्हणून तुमचा मोजला नाही."

माझी मागणी मात्र कायम आहे. ते दोन शब्द.

खुशबू


माजरी
७ मे २०२४

खुशबू पोरी,
जय भीम.

दीड महिना लागला लिहाले. चार कागद फाडले.

मलेही तेच हाय. तीस वर्षं होत आले. विक्की पोटात असतानी सुरू झालं.

विक्कीचे बाबा खाणीत होते. २०११ मंधी हार्टफेलनं गेले. त्याईच्या जागी मले नौकरी भेटत होती. कागदं तयार होते. हापिसात सही कराले बलावलं. म्या लुगडं चांगलं नेसली, उपाशी निघाली, बसमंधी बसली. भद्रावतीच्या अगोदर पोटात आलं. बस भरून होती. म्या खिडकीचा गज धरून बसली. बोलता आलं नाई. आन मंग बसमंधीच झालं, पोरी. शेजारची बाई नाक दाबून उठली. पोट्टे हासले.

उतरली, दुसऱ्या बाजूच्या रस्त्यानं पायी घरी आली. दोन घंटे चालली. घरी येऊन सगळ्याईले सांगतलं, मले नौकरी कराची नाई, बाईमाणसानं खाणीत जाव नाई. लोक म्हणे केसरबाईले घमेंड आली. विक्की पंधरा वर्षांचा होता. अठराचा झाला आन बापाच्या जागी तोच लागला. त्याले इंजिनिअर व्हाचं होतं. काऊन नाई म्हटलं नौकरीले, असं त्यानं मले आजवर इचारलं नाई. म्या आजवर सांगतलं नाई.

त्या दिवसापासून मी माजरीच्या बाहीर गेली नाई. तेरा वर्षं. भावाच्या मातीले नाई, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर नाई. पोराच्या साक्षगंधाले बी नाई. तू म्हणते सवड झाली नाई. मी त्या दिवशी नवं लुगडं नेसून घरीच बसून होती.

आता खरं सांगते. जाऊबाईनं फोनवर तुह्यं सांगतलं, आन म्या वळखलं. दुसरी कोणी असती तं मनात दया आली असती. मले भेव वाटलं. एक क्वार्टर, एक संडास, आन त्यात दोघी. तुह्यं उघडं पडन, मंग माह्यं बी पडन. तू तं सांगून टाकणारी पोरगी. म्हणून मोडलं. मोठा आजार म्या लिहाले लावलं, मले माहीत असून का तो मोठा नाई.

आजकाल अंगात ताकत राह्यली नाई. दोन महिन्यापासून कधी कधी रक्त बी पडते. पिवळी दिसून राह्यली म्हणते शेजारीण. यातलंच असन.

माफ कर म्हणाले तोंड नाई.

केसरबाई


चिचटोला
१३ मे २०२४

मावशी,

माफीचं नंतर बघू. हे पत्र मी आजच्या थैलीत घालते आहे, म्हणून घाईत.

रक्त हे आपल्या आजारातलं नाही. नीट वाचा. रक्त पडणं, अंग पिवळं पडणं, अशक्तपणा, हे आयबीएसच्या खात्यात घालायचं नाही. डॉक्टर पुनमनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं की असं काही झालं तर पोटाचा जुना आजार म्हणून घरी बसायचं नाही. तुमचं वय पन्नाशीच्या वर आहे. कदाचित साधी मूळव्याध असेल. कदाचित नसेल. तपासल्याशिवाय ना तुम्ही सांगू शकता, ना मी.

चंद्रपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. या आठवड्यात. उपाशी जाऊ नका. सकाळी सहाला भात-वरण थोडं खा, दूध-चहा नको. वाटेत जावं लागलं तर बस थांबवा. थांबत नसेल तर ओरडा. तेरा वर्षांपूर्वी तुम्ही गज धरून बसलात, कारण बोलायला मनाई आहे असं तुम्हाला वाटलं. कोणी केली होती मनाई?

आणि विक्कीला सांगा. त्याच्याशिवाय जाऊ नका. सांगितलं नाहीत तर मी त्याच्या नावानं पत्र टाकीन, आणि मी पोहोचवलेलं पत्र चुकत नाही.

खुशबू


माजरी
२ जुलै २०२४

खुशबू पोरी,
जय भीम.

जिती हाय. मूळव्याध निघाली. कॅन्सर नाई. सगळं सांगते.

तुह्यं पत्र आलं, त्या दिवशी विक्की ड्युटीवरून आला. जेवाले वाढलं. म्हटलं, "विक्की, मी तुह्या बाबाच्या नौकरीले नाई काऊन म्हटलं, ते आयक." सगळं सांगतलं. बसमधलं बी. त्यानं घास खाली ठेवला. म्हणे, "आई, तू मले दहा वर्षं हे सांगतलं नाई? मले वाटे तुले माह्या कमाईवर बसून खाचं होतं." हे त्याच्या मनात होतं, पोरी. दहा वर्षं. म्या लाज झाकली, आन पोरानं त्याच्या मनानं माह्यावर दुसरीच लाज टाकली. मंग तो रडला. मी बी.

चार दिवसानं निघालो. तू म्हटलं तसं खाऊन निघाली. भद्रावती गेली आन पोटात आलं. विक्की म्हणे, "आई, दम धर, अर्धा घंटा हाय." म्या खिडकीचा गज धरला. मंग तुह्यं ते आठवलं, कोणी केली मनाई. उठली, गज सोडला, डायवरजवळ गेली.

"भाऊ, गाडी थांबवा."

"इथी स्टॉप नाई, बाई."

"स्टॉप नसू दे. मले पोटाचा आजार हाय. समोर पेट्रोलपंप दिसून राह्यला, तिथी थांबवा. नाई थांबवली तं इथीच होईन, मंग गाडी तुमीच धुवा."

मागून कोणी तरी हासलं. म्या वळून म्हटलं, "हासा, हासा. तुमच्या पोटात काय सोनं हाय का?" गाडी थांबली. मी उतरली, तं माह्यामागून एक म्हातारी उतरली. म्हणे, "बरं झालं माय, मले बी कवाचं जाचं होतं, कोण बोलन म्हणून बसली होती." आमी दोघी गेलो आन आलो. गाडी उभी होती. कोणी मेलं नाई.

दवाखान्यात भरती केलं. दुर्बीण टाकाच्या आदल्या दिवशी पोट साफ व्हाचं औषध दिलं. म्या सिस्टरले म्हटलं, "मले हे औषध देता? माह्यं तं बिना औषधाचं होते." ते बी हासली. मूळव्याधीतून रक्त जाऊन जाऊन अंगातलं कमी झालं होतं. त्याचे इलाज चालू हाय, लोहाच्या गोळ्या हाय. बाकी डॉक्टरनं बी तेच नाव सांगतलं, आयबीएस. तीस वर्षानं माह्या दुखण्याले नाव भेटलं. वही केली हाय. माह्या वहीत कांदा बरा निघाला, पण तर्री आन जागरण नाई चालत.

तुह्यं काम बी केलं. जाऊबाईले फोन लावला. विक्कीले म्हटलं, आवाज मोठा कर, शेजारी आयकू दे. म्हटलं, "बाई, वामनरावच्या पोरीले मोठा आजार नाई. जे माह्या पोटात हाय तेच तिच्या पोटात हाय. म्या खोटं लिवलं. तुमी वडशात जिथी जिथी सांगतलं तिथी तिथी आता हे सांगा. नाई सांगतलं तं मी येऊन सांगीन." ते म्हणे, तू कायची येते, तेरा वर्षं घरातून निघाली नाई. म्या फोन ठेवून देला.

आता एक इचाराचं हाय. विक्की म्हणते, आई, त्या पोरीले पुन्हा इचार. त्याले तू पसंत हाय. मले बी. तू म्हणशील तसं.

केसरबाई


चिचटोला
२० जुलै २०२४

मावशी,
जय भीम.

पत्र वाचून मी पोस्टाच्या खोलीत एकटीच हसत बसले. पेट्रोलपंपाचं दोनदा वाचलं. दसरूकाका थैली न्यायला आले होते, त्यांनी विचारलं, "कायची खुशखबर हाय?" मी म्हटलं, "मूळव्याध निघाली." ते माझ्याकडे बघतच राहिले.

बाजारातली हवा बदलली आहे. त्या दिवशी हात मागे घेणारी बाई परवा म्हणाली, "माह्या पोरीले बी तसंच होते व, त्या गडचिरोलीच्या मॅडमचं नाव सांग." मी लिहून दिलं. पण मावशी, रक्तबिक्त, वजन वगैरे सगळं विचारून मगच दिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. नाही.

रागानं नाही म्हणत. विक्की वाईट आहे असंही नाही. पण चार फेब्रुवारीला ते माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. मी घाम पुसत परत आले तेव्हा "काय झालं, पाणी पाहिजे का" एवढं त्यांनी विचारलं नाही. पत्र गेलं तेव्हा गप्प, आणि तुम्ही पुन्हा विचारायचं ठरवलं तेव्हाही स्वतः एक ओळ लिहिली नाही. मला अशा माणसाशेजारी आयुष्य काढायचं आहे ज्याला मी भर बसमध्ये सांगू शकेन. विक्की कदाचित पुढं तसे होतील. तुम्हाला रडताना पाहून निम्मे झालेही असतील. पण त्यांच्या शिकण्याची शाळा मी होणार नाही.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते अजून तुमच्या पहिल्या पत्रावरच अडून आहेत. म्हणाले, "त्या बाईनं माह्या छपरीत पाय ठेवाचा नाई." नऊ वर्षांनी घरात आनंद आला असं म्हणत त्यांनी त्या दिवशी सगळ्या गावाला बोलावलं होतं, तुम्हाला माहीत नसेल. आई गेल्यानंतर आमच्या घरातलं ते पहिलं कार्य होतं.

माझं पोट? मागच्या आठवड्यात तीन दिवस वाईट गेले. धानाच्या रोवणीचे दिवस, टपाल जास्त, झोप कमी, आणि खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला त्याची धास्ती. पूर्वी असे तीन दिवस आले की मला वाटायचं, आता सगळं आयुष्य असंच. आता वही उघडून बघते, मागच्या वेळीही चौथ्या दिवशी उतरलं होतं. याही वेळी उतरलं. बरी झाले असं मी म्हणणार नाही. ताब्यात आहे, तेही कधी कधी. पण परीक्षेला नागपूरला जाणार, पोट घेऊनच जाणार.

सून होणार नाही. पत्रं मात्र बंद करू नका.

तुमची,
खुशबू


वडसा रेल्वे स्टेशन
१० नोव्हेंबर २०२४

खुशबू पोरी,
जय भीम.

तू नाई म्हटलं त्याचं आधी दुखलं. तिसऱ्या दिवशी विक्की म्हणे, "आई, ते बरोबर बोलली." आता तो सांजच्या डिप्लोमाचा फॉर्म भरून राह्यला. बाकी त्याचं तो पाहीन.

हे पत्र पेटीत टाकत नाई. हातात देणार हाय.

सकाळी चंद्रपूरहून पाशिंजरनं आली. एकटी. गेल्या महिन्यात दीक्षाभूमीवर जाऊन आली होती, तेवढ्या गर्दीत निभलं, मंग म्हटलं आता वडसा. गाडीत संडास हाय म्हणून बिनधास्त होती. मूल आलं, नागभीड आलं, खिडकीतून कापून रचलेले धानाचे पुंजने पाहत आली. एकदा जा लागलं. दाराशी उभ्या पोट्ट्याले म्हटलं, सरक बापा. सरकला.

जाऊबाईच्या घरी जाऊन आली. ते दारात मले पाहून उभीच्या उभी राह्यली. म्या म्हटलं, "म्हटलं होतं ना, येऊन सांगीन." तिच्या वट्यावर चार बाया बसल्या होत्या, त्याईले सांगतलं. बसून सांगतलं, बिना दुधाचा चहा पेऊन.

आता कुरखेड्याची बस दोन घंट्यानं हाय. बाकड्यावर बसून लिहून राह्यली. पोट गुरगुर करून राह्यलं. करू दे. डब्यात भात आन मुंगाची डाळ आणली, ते खाईन.

तुह्या बाबानं छपरीत पाय ठेवू दिला नाई तं मी अंगणात उभी राहीन. बसा म्हटलं नाई तं उभ्यानंच बोलीन. म्या त्याईच्या पोरीबद्दल खोटं लिवलं, ते गुरुजीच्या हातून, छापील अक्षरात. खरं माह्या तोंडानं सांगतलं पाह्यजे, गावासमोर. त्याईनं हाकलून देलं तं परत फिरीन. हाकलाले बी माणूस दारात आलेला लागते. तेरा वर्षं मी कोणाच्या दारात नव्हती.

मंधात जा लागलं तं तुह्या त्या कमलाबाईचं घर कोणतं, ते इचारत येईन.

बस लागली वाटते. निघते.

केसर